फॉर्मवरचा तिसरा चौकोन

नवीन फिरके काय करतो, असं कुणी विचारलं की आमचे प्रकाशचंद शेठ सांगतात, "कॉम्प्युटरवाला आहे आपला." कसला डोंबलाचा कॉम्प्युटरवाला! तसले जळगावात पैशाला पासरी मिळतात. नवीनचं काम शोधायचं. जगात कुठेतरी कुणीतरी एखाद्या किचकट कामासाठी प्रोग्रॅम लिहिलेला असतो, लोकांनी वापरावा म्हणून फुकट ठेवलेला असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. तो पत्ता नवीन काढतो. असे चार-पाच तुकडे आणून एकमेकांना जोडतो, आणि आमचं महिन्याचं काम दोन दिवसांत उरकतं. शेठना यातलं काही कळत नाही. मलाही अर्धंच कळतं, पण मी निदान विचारते.

मी सारिका. या प्रेसमध्ये सत्तावीस वर्षं टाइप करतेय. माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला लागायला नको.

आमच्या प्रेसचं वर्षातलं मोठं काम म्हणजे समाजाच्या मंडळाची वधू-वर सूची. रावेर, यावल, भुसावळकडच्या केळी-कापूसवाल्या शेतकरी घरांची. दीड हजार मुलं-मुली, प्रत्येकाचा फोटो, जन्मतारीख, शिक्षण, मामाचं आडनाव, शेती किती, नोकरी कुठे, पालकांचा फोन. डिसेंबरात मेळावा असतो, त्याच्या आधी पुस्तक हातात हवं म्हणजे हवं. आणि माहिती कशी येते म्हणाल, तर देवा रे! कुणी वर्डची फाईल पाठवतं, कुणी पीडीएफ, कुणी कागदाचा फोटो काढतं तोही आडवा. कुणी महागड्या फोनवरून असा फोटो पाठवतं की तो आमच्याकडे उघडतच नाही. एका बाबांनी तर मुलाचा बायोडाटा व्हिडिओवर बोलून पाठवला होता. मागे म्हैस ओरडत होती.

हे सगळं मी वर्षानुवर्षं हाताने टाइप केलं. नऊ वर्षांपूर्वी नवीन आला, तेव्हा पोरगं सत्तावीस-अठ्ठावीसचं होतं. वडील पितांबर आबा वारलेले, आई सुगंधाबाई आणि धाकटी बहीण डिंपल मेहरूणला भाड्याच्या घरात. मीही मेहरूणचीच, दोन गल्ल्या सोडून. पहिल्याच हंगामात तो जुन्या सूच्यांच्या पीडीएफ घेऊन बसला. जुन्या फॉन्टमधला मजकूर, बाहेर काढला की पडद्यावर नुसती भुताची भाषा. आठ दिवस त्याने एकेक प्रोग्रॅम आणून पाहिला. कुठे वेलांटी उडायची, कुठे अर्धा र कुठल्या कुठे जाऊन बसायचा. मी म्हटलं, "सोड रे, मी टाइप करते, तुझ्या आठ दिवसांत माझी दोनशे नावं झाली असती." नवव्या दिवशी म्हणाला, "ताई, आपण उगाच मजकूर उपसत बसलोय. पानाचा फोटो करायचा आणि फोटो वाचायला लावायचा." टेसेरॅक्ट नावाचं काहीतरी घेऊन आला. त्याला मराठी वाचता येत होती. शंभरात चार-पाच चुका, त्या मी बघायच्या. मला त्या दिवशी खरंच त्याला ओवाळावंसं वाटलं होतं.

त्याच्याकडे एक शंभर पानी वही होती. सापडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तो तीन प्रश्न लिहायचा: शेवटचा हात कधी लागला, तक्रार केली तर कुणी उत्तर देतं का, जोडाक्षर मोडतं का. परवान्याचा कागद तर शब्द न शब्द वाचायचा. मी हसायचे, तर म्हणायचा, "कुणाच्या घरात शिरताना विचारायला नको का, ताई?" एखाद्या प्रोग्रॅमकडे लिहिणाऱ्याने चार-पाच वर्षं पाहिलं नसेल तर त्यावर काट मारायचा आणि म्हणायचा, "मेलेला आहे हा."

आता तो असं म्हणत नाही. "बंद आहे," म्हणतो.

डिंपल धुळ्याला फार्मसी कॉलेजात शिकवायची. सव्वीस वर्षांची. ऑक्टोबरात ताप आला, डेंग्यू निघाला, पाचव्या दिवशी गेली. नवीन बसने धुळ्याला गेला आणि गाडीत तिला घेऊन परत आला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर. खुर्चीत बसला, कॉम्प्युटर सुरू केला आणि विचारलं, "ताई, राहिलेले फोटो आले का?" आले होते म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

त्या वर्षीच्या सूचीतली मुलींची पानं तेव्हा छापून झाली होती. त्यात डिंपलचं नाव होतं. सुगंधाबाईंनीच उन्हाळ्यात फॉर्म भरला होता, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरचा तिचा फोटो लावून. छापून झालेल्याला कोण काय करणार? पण पुढच्या वर्षी ते नाव निघायला हवं होतं, आणि ते निघालं नाही.

कारण सांगते. एकदा नोंदवलेलं नाव पाच वर्षं आपोआप पुढे जातं. नाहीतर लोक फॉर्म भरायला विसरतात आणि मंडळाच्या नावाने शिमगा करतात. आणि नाव काढायचं तर पालकाची सही असलेला कागदच लागतो. फोनवर काढत नाहीत. कारण एकदा एका चुलत्याने भाऊबंदकीच्या रागातून फोन करून पुतणीचं नाव काढायला लावलं होतं, त्यावरून मेळाव्यात गचांडी धरायची वेळ आली. तेव्हापासून सही. डिंपलची पालक कोण, तर सुगंधाबाई. त्या सही करीनात.

नवीनला काय अशक्य होतं? एका बटणाचं काम. मंडळाला कळलंही नसतं. मी त्याला तसं म्हणालेही. तो म्हणाला, "आई फोनची वाट बघते."

"कसल्या फोनची?"

"स्थळांच्या."

आमच्याकडे मुली कमी. एम. फार्म. झालेली, नोकरीवाली मुलगी सूचीत दिसली की जानेवारीपासून फोन सुरू. सुगंधाबाई प्रत्येक फोन घ्यायच्या. मुलाची माहिती विचारायच्या, फोटो मागवायच्या, नवीनला कागदावर काढून आणायला लावायच्या आणि फाईलला लावायच्या. मग आठवडाभराने फोन करून सांगायच्या, यंदा कर्तव्य नाही. एकदा मी मेथीची जुडी द्यायला गेले तर मलाच फाईल उघडून दाखवली. "हा पोरगा चांगला होता, पन सासूचं तोंड पाय ना सारिका. आपली पोर कशी नांदीन तिथं?" मी मेथी निवडत बसले. आतल्या खोलीत नवीन भिंतीला टेकून जेवत होता, मान खाली घालून, घास मोजल्यासारखे.

बधिर झाला होता पोरगा. मी त्याला काय काय बोलले! "अरे, रड तरी. भांड तरी. मला एक शिवी हासड." तो "हं" म्हणायचा. आधी विनोद करायचा, शेठच्या चालण्याची नक्कल करायचा, ते सगळं बंद. काम मात्र दुप्पट. फोटोतला चेहरा ओळखून बरोबर मधोमध कापणारं काहीतरी शोधलं. धूसर फोटो स्वच्छ करणारं शोधलं. मुलांचे परिचयाचे व्हिडिओ मेळाव्याच्या पडद्यावर लावायचे ठरले, तर वीस तऱ्हेच्या फाइली एकाच साच्यात आणणारं, तीस सेकंदांवर कापणारं, आवाज सारखा करणारं सगळं जमवलं. शेठ खूश. मंडळ खूश. मंडळाने शाल देऊन त्याचा सत्कार केला, तेव्हाही तो असा उभा होता की शाल दुसऱ्याच कुणाच्या अंगावर आहे.

त्याच्या प्रोग्रॅमने एक गोष्ट केली, ती मी प्रुफं वाचताना पाहिली. जन्मतारखेवरून वय आपोआप मांडलं जायचं. मागच्या सूचीत डिंपल पितांबर फिरके, वय सव्वीस. यंदा सत्तावीस. झोक्यावरचा धूसर फोटोही स्वच्छ होऊन आला होता, कानातल्या रिंगा दिसत होत्या. पान घेऊन तशीच त्याच्या टेबलापाशी गेले.

"नव्या, हे काय आहे?"

त्याने पान पाहिलं. "बरोबर आहे, ताई. मार्चमध्ये सत्तावीस पूर्ण झाली असती."

"अरे, लोक फोन करतात! कुणाच्या तरी लेकराच्या आशेचा प्रश्न आहे."

"आईची सही नाही," एवढंच म्हणाला आणि पुढची फाईल उघडली.

मी ते पान शेठना दाखवायला हवं होतं. मंडळाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी अठ्ठावीस आलं, तेही वाचलं आणि बरोबरची खूण करून पुढे सरकवलं. दुसऱ्याला बोलायला मी पुढे, आणि स्वतः काय केलं, तर हे. मला त्याचा राग यायचा असं मी सांगते, पण निम्मा राग माझाच होता.

अठ्ठावीसवाल्या सूचीनंतर चोपड्याहून एक स्थळ आलं. तानुबाई आणि जीवराम. मुलगा नाशिकला कंपनीत. सुगंधाबाईंना ते घर आवडलं, हीच पंचाईत झाली. तानुबाईंनी चार वेळा फोन केला, आणि चारही वेळा यांनी नाही म्हटलं नाही. "पाहू," म्हणाल्या. "पोरीले विचारते," म्हणाल्या. आपल्याकडे पाहू म्हणजे काय, ते चोपड्याच्या माणसाला सांगायला लागतं का? फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला मला नवीनचा फोन. आवाज नेहमीचाच. "ताई, जरा घरी येता का? ती चोपड्याची मंडळी बस स्टँडवर उतरलीत. मुलगी बघायला येतायत."

मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. सुगंधाबाई ओट्याशी. नवं लुगडं नेसलेल्या, पोह्यांना फोडणी घालत होत्या. बाहेरच्या खोलीत चादर बदललेली. मी नवीनला कोपऱ्यात ओढलं. "सांग त्यांना. दारातच सांग. नाहीतर मी सांगते."

"आईला विचारलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, आधी पोहे खाऊ दे."

मंडळी आली. जीवराम धोतर-टोपीतले, उन्हाने रापलेले. मुलगा सरळ होता, माझ्याही पाया पडला. तानुबाईंच्या हातात पेढ्यांचा बॉक्स आणि पिशवीत केळ्याच्या दोन फण्या, घरच्या बागेच्या. बसले. पाणी झालं. कापसाचं, तापीच्या पाण्याचं बोलणं झालं. सुगंधाबाईंनी पोह्यांच्या बशा आणल्या, वर खोबरं, शेव, बाजूला लिंबाची फोड. त्या इतक्या छान बोलत होत्या! आबांच्या आठवणी सांगत होत्या, हसत होत्या. डिंपल गेल्यापासून मी त्यांना तशा पाहिल्या नव्हत्या.

तानुबाईंनी दोन घास खाल्ले, आतल्या दाराकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "पोर कोठे शे? आमले घाई नही, व्हऊ द्या तिनं निवांत."

"येऊ ऱ्हायली," सुगंधाबाई म्हणाल्या.

नवीन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. तो म्हणाला, "ती नाहीये. वारली. तीन वर्षं होतील ऑक्टोबरात. धुळ्याला डेंग्यू झाला होता." फाईल उघडत नाही हे तो ज्या आवाजात सांगतो ना, त्याच आवाजात.

मुलाच्या हातातली बशी खाली आली. जीवराम उठलेच. "मंग पुस्तकमा नाव काबर छापं? थट्टा शे का ही?" त्यांचं काय चुकलं? चोपड्याहून सकाळची गाडी धरून आले होते बिचारे. मी म्हटलं, आता होऊन जाऊ दे, दोन शिव्या बसू दे आम्हाला, त्याच लायकीचे आहोत आम्ही.

तानुबाईंनी नवऱ्याला हातानेच खाली बसवलं. सुगंधाबाईंकडे पाहिलं. त्या अजून आतल्या दाराकडेच बघत होत्या. मग तानुबाईंनी पोह्यांची बशी लांब सरकवली, डोक्यावरून पदर घेतला, सतरंजीवरून सरकत येऊन सुगंधाबाईंच्या अगदी शेजारी बसल्या आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"कव्हय व्हयनं हाई, बहीण?"

दुखवट्याला येणारी बाई असंच विचारते, हे कधी झालं म्हणून. सगळं ठाऊक असलं तरी विचारते, म्हणजे घरच्या बाईला सांगता येतं. डिंपल गेली तेव्हा शंभर बायकांनी सुगंधाबाईंना असं विचारलं होतं आणि त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या. "शुक्रवारी," म्हणाल्या. "मले म्हने, आई, दिवाळीच्या आधी येते. मी तिच्यासाठी शेव पाडून ठेवली होती." आणि मग जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. तानुबाईही रडत होत्या. न पाहिलेल्या पोरीसाठी. मीही रडले. जीवराम टोपी काढून मांडीवर ठेवून बसले.

अर्ध्या तासाने ते उठले. बशा तशाच, अर्धे पोहे तसेच, कारण दुःखाच्या घरी खात नाहीत. तानुबाईंनी पेढ्यांचा बॉक्स गुपचूप पदराखाली घेतला. केळी मात्र ठेवली. आणि "येतो" न म्हणता, मागे न पाहता पायऱ्या उतरल्या. मुलगी बघायला आलेली माणसं दुखवट्याला आल्यासारखी परत गेली. नवीन त्या बशा धुवायला घेऊन गेला. त्याच्या डोळ्यांत तेव्हाही टिपूस नव्हतं.

चार दिवसांनी सुगंधाबाईंनी त्याला सांगितलं, "तो नाव काढायचा कागद आन."

तो कागद नवीननेच बनवलेला. कॉम्प्युटरला वाचता यावा म्हणून त्यात कारणासमोर चौकोन होते, बरोबरची खूण करायची. एक, लग्न जमले. दोन, स्वतःहून नाव मागे घेतले. सुगंधाबाईंना चष्मा लावून वाचायला वेळ लागला. मग म्हणाल्या, "यातलं तं एकबी खरं नाही रे. मी खून कुठी करू?"

हे मला नवीननेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, प्रेसमध्ये. सांगताना तो पडद्याकडे बघत होता. पडद्यावर तोच फॉर्म उघडलेला होता आणि त्यात त्याने तिसरा चौकोन काढला होता. निधन.

मंडळाच्या बैठकीला मीही गेले, मुद्दाम. अध्यक्ष नाना म्हणाले, "लग्नाच्या कागदावर असलं अभद्र नको. लोक काय म्हणतील?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, अभद्र कागदात नसतं. ते घरात घडून गेलेलं असतं. तुम्ही फक्त लिहायला जागा द्यायची नाही म्हणता." जरा जास्तच बोलले. शेठनी माझ्याकडे डोळे वटारले. नवीन एकच वाक्य बोलला. "मागच्या तीन पुस्तकांत माझ्या बहिणीचं नाव आहे, आणि ते मी छापलंय." तिसरा चौकोन राहिला. सुगंधाबाईंनी पहिली सही केली.

त्या सप्टेंबरात जुन्या सगळ्या नावांच्या घरी तो फॉर्म गेला आणि ऑक्टोबरभर परत येत राहिला. नवीनने खुणा वाचणारा एक प्रोग्रॅम शोधून ठेवला होता. कागद स्कॅन करायचे, तो चौकोन बघतो आणि यादी करतो. ज्यावर अडतो ते बाजूला काढतो. एका दुपारी यादी आली. लग्न जमले, तीनशे बारा. नाव मागे घेतले, शेहेचाळीस. निधन, सतरा.

मी आकडा दोनदा वाचला. डिंपल धरून सतरा. बाकीची सोळा नावं मी दरवर्षी प्रुफात वाचत आले होते, फोटोसकट, वाढत्या वयासकट. शुभकार्याच्या ऑफिसात फोन करून मेल्याची बातमी द्यायची नाही, म्हणून सोळा घरं गप्प होती. तिथेही फोन वाजत असणार. कुणीतरी ते घेतही असणार. मी खुर्ची ओढून बसले.

नवीन म्हणाला, "एक कागद बाजूला पडलाय, ताई. दोन खुणा आहेत. फोन करावा लागेल."

यावल तालुक्यातल्या एका गावचा फॉर्म. पहिल्या चौकोनातही खूण, तिसऱ्यातही. खाली थरथरती सही. मी म्हटलं, चुकून झालं असेल. नवीनने फोन लावला आणि टाइप करायला हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर ठेवला.

"नमस्कार. सूचीच्या ऑफिसातून बोलतोय. तुमच्या मुलाच्या फॉर्मवर दोन खुणा झाल्यात. त्यातली बरोबर कोणती, ते विचारायचं होतं."

पलीकडे म्हातारा माणूस होता. म्हणाला, "दोन्ही बरोबर आहे, भाऊ. लगीन जमेल होतं पोराचं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. हळदीच्या दोन दिवस आधी मोटरसायकलवरून गेला." मग म्हणाला, "आता कोनती खून खोडू, ते तुमीच सांगा. मले नाही समजलं."

नवीनचे हात कीबोर्डवर तसेच. प्रोग्रॅमला एकच कारण चालतं, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

"काही खोडू नका, बाबा," तो म्हणाला. "दोन्ही ठेवतो मी."

"चालतं का तसं?"

"मी चालवतो." मग, अगदी बारीक आवाजात, "माझी बहीणही आहे या यादीत."

"लहान होती का रे?"

"माझ्याहून आठ वर्षांनी."

"नाव काय पोरीचं?"

"डिंपल," नवीन म्हणाला. त्याने डोकं टेबलावर ठेवलं आणि रडायला लागला, तीन वर्षांचं साचलेलं, लहान पोरासारखं, हमसून हमसून. पलीकडून म्हाताऱ्याने फोन ठेवला नाही. "हो रे बाबा, हो," एवढंच म्हणत राहिला. मी उठले, दार लोटून घेतलं आणि बाहेर शेठना सांगितलं की सूचीची फाईल आज छापायला जाणार नाही.